फांदीवर आहे, बुंध्यावर नाही

शिंक येईल. दाबू नका.

शेजारच्या विद्यार्थ्यानं गोगलगाईच्या रिकाम्या शंखातून चिमूटभर तपकीर काढून नाकपुडीत कोंबली आहे, आणि वाऱ्यानं तिच्यातला तुमचा वाटा तुमच्याकडे पोचवला आहे. इथे सगळेच तपकीर ओढतात. पाठ चालू असताना दर दोन-चार वाक्यांनी कोणीतरी शिंकतं आणि त्यामुळे कोणाचंही काही बिघडत नाही. तपकिरीच्या मागोमाग दुसरे वास येतात. मोहरीच्या तेलाचा, कारण इथे तेच डोक्याला, तेच अंगाला आणि तेच कढईत. रात्रीच्या पावसानं भिजलेल्या गवती छपराचा. आणि खालच्या बाजूनं येणारा नदीच्या गाळाचा. वैशाख आहे. घाम येतो, पण वाळत नाही. धोतराचा काठ मांडीला चिकटला आहे आणि डास कानाशी येऊन आपली फिर्याद मांडतायत.

तुम्ही नवद्वीपात आहात. बंगालमधलं नदिया, भागीरथीच्या काठचं गाव. साल 1760 च्या आगेमागे. नेमकं कुठलं याची काळजी करू नका, इथे तुम्हाला सन कोणी विचारणार नाही, तिथी विचारतील.

एक सूचना आधीच करून ठेवतो. घाटावर कोणी गाव विचारलं तर ‘दक्षिणेकडचा’ एवढंच सांगा. ‘मराठा’ हा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार या मुलखात धुमाकूळ घालून गेले त्याला फार वर्षं झालेली नाहीत. त्यांना इथे बर्गी म्हणतात, आणि मूल झोपत नसलं की आया त्यांचं नाव घेऊन भीती घालतात. टोलाच्या आत मात्र सांगितलंत तरी चालेल. आतल्या मंडळींचा मराठी माणसावर राग आहे, पण तो वेगळ्याच कारणानं. त्याकडे येतो.

टोल म्हणजे तुम्ही बसला आहात ती जागा, नाक्यावरचा नव्हे. मातीच्या भिंती, मध्ये एक बरीशी खोली, तिथे पंडित शिकवतात. तिच्या दोन-तीन बाजूंना बुटक्या कोठड्यांच्या रांगा, तिथे विद्यार्थी राहतात. फी नाही. उलट राहायची जागा पंडितांनीच द्यायची, दर वर्षीची शाकारणी त्यांच्याच खर्चानं करायची. पुढे 1829 मध्ये होरेस विल्सन नावाचे इंग्रज संस्कृतज्ञ इथे पाहणीला येतील, तेव्हाही त्यांना 25 च्या आसपास टोल आणि 500 ते 600 विद्यार्थी सापडतील. बरेचसे बंगालचे, पण तिरहुत, आसाम, नेपाळ आणि थेट दक्षिणेतून आलेलेही. वयाचं विचारू नका. तुमच्या डावीकडच्याला अजून मिसरूड फुटलेलं नाही आणि उजवीकडच्याच्या शेंडीत पांढरे केस आहेत. दोघं एकाच पानावर आहेत.

ते पान गंगेश उपाध्यायांच्या ‘तत्त्वचिंतामणी’वरच्या टीकेवरच्या टीकेचं आहे. गंगेश चौदाव्या शतकातले, मिथिलेचे. त्यांनी ग्रंथाचे चार भाग केले, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द, आणि चारही भागांत एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला: एखादी गोष्ट मला माहीत आहे असं मी म्हणतो, ते कशाच्या जोरावर? त्यावर नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी ‘दीधिती’ लिहिली. दीधितीवर जगदीशांनी लिहिलं, गदाधरांनी लिहिलं. गंगेशांनी चार ओळींत उरकलेलं आता इथे चार महिने चालतं.

भट्टाचार्य महाशय आले. उघडं अंग, खांद्यावर उपरणं, हातात ताडाच्या पानाचा पंखा. थोरला विद्यार्थी लाकडी पट्ट्यांमधली पोथी सोडवतो, एक ओळ वाचतो, थांबतो. तुम्हाला वाटतं, संस्कृत आहे, थोडंफार कळेल. पण इथे ‘व’ चा ‘ब’ होतो आणि ‘अ’ चा जवळजवळ ‘ओ’. पर्वताचा पर्बत झाला आहे. कान लागायला थोडा वेळ जातो, मग एकदम कळतं की उदाहरण तर आपल्या ओळखीचं आहे. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतोय. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघर. जिथे आग नाही तिथे धूरही नाही, जसं तळं.

आणि तुम्ही, शहाणेच आहात म्हणून, बोलून जाता, ‘आमच्याकडेही म्हणतात, आगीशिवाय धूर निघत नाही.’

सगळ्या माना तुमच्याकडे वळतात. खरं तर त्या आनंदानं वळल्या आहेत. फुकटचं सावज रोज चालत येत नाही.

‘बरं,’ मिसरूड न फुटलेला म्हणतो, ‘मग आग असली की धूर असतोच?’

‘असतोच की.’

‘लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा. आग आहे. धूर दाखवा.’

तुम्ही गप्प. मागच्या अंगणात चूल धुमसते आहे आणि तिचा धूर आता तुमच्या डोळ्यांत यायला लागला आहे. पांढऱ्या शेंडीवाले तिकडे बोट करतात. ‘तिथे एवढा धूर का आहे, सांगा बरं?’ आग आहे म्हणून, हे उत्तर तुम्ही आता देत नाही, तेवढं शिकला आहात. ‘लाकडं ओली आहेत,’ ते म्हणतात. ‘धूर आगीमुळे नाही, आग अधिक ओलं लाकूड यांमुळे. तुम्ही ओलं लाकूड वगळून बोललात.’ हे वगळलेलं ओलं लाकूड शोधणं हा इथला मुख्य धंदा आहे. त्याला उपाधी म्हणतात. आणि मग तिसरा कोणीतरी कोपऱ्यातून शिंकत शिंकत विचारतो, ‘मुळात डोंगरावर जो दिसला तो धूर होता, की धुकं?’

पुढच्या वेळी मोबाईलवर कोणाची तरी बदनामी फिरत येईल आणि पाठवणारा वर लिहील की आगीशिवाय धूर निघत नाही, तेव्हा हा कोपऱ्यातला आवाज आठवला तर बरं.

पण खरी मजा अजून व्हायची आहे, कारण अंगणातल्या फणसावर वानर आलं आहे. काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं. ते एका फांदीवर बसून काहीतरी सोलतंय आणि सालं खाली टाकतंय. भट्टाचार्य महाशयांचा पंखा थांबतो. शास्त्रातलं उदाहरण पायांनी चालत आल्यावर कुठला शिक्षक सोडेल?

‘या झाडाला वानर लागून आहे?’

आहे.

‘बुंध्याला?’

नाही.

‘झाड एकच की दोन?’

एकच.

‘म्हणजे एकाच झाडाला, एकाच वेळी, वानर लागून आहे आणि लागून नाही.’

तुम्ही हसता. बाकी कोणी हसत नाही. कारण आत्ताच पोथीत एक व्याख्या वाचली गेली आहे. धूर आणि आग यांचं अतूट नातं म्हणजे काय, तर जिथे आग नसते तिथे धूर कधीही नसणं. गंगेशांनी अशा पाच व्याख्या मांडल्या आणि पाचही स्वतःच मोडीत काढल्या. त्यांतली ही पहिली, आणि ती मोडायला हे वानरही पुरतं. आगीच्या जागी वानर घाला आणि धुराच्या जागी ‘हे झाड असणं’. ‘जिथे वानर लागून नाही’ अशा जागांत हे झाडही येतं, कारण बुंध्याशी ते लागून नाहीच. म्हणजे डोळ्यांसमोर धडधडीत खरी असलेली गोष्ट व्याख्येच्या हिशेबानं खोटी ठरली. मग करायचं काय? वाक्य दुरुस्त करायचं. वानर ‘आहे’ म्हणायचं नाही; फांदीपुरतं आहे, बुंध्यापुरतं नाही, असं म्हणायचं. या ‘पुरतं’ला त्यांनी अवच्छेदक असं जड नाव दिलं आणि मग तो प्रत्येक वाक्यात, प्रत्येक नामाच्या मागे लावून ठेवला. घागर जमिनीवर नाही, एवढं म्हणायला इथे दीड ओळ लागते: कुठली घागर, घागर म्हणून नाही की निळी घागर म्हणून नाही, कुठल्या संबंधानं नाही, कुठल्या जागेपुरती नाही.

आपल्याकडे याला घटापटाची खटपट म्हणून हिणवलं गेलं, आणि अगदीच उगाच नाही. ऊन चढतं तसा पाठ लांबत जातो, अवच्छेदकावर अवच्छेदक चढतात, समासाच्या सुरुवातीला काय होतं ते शेवटाला पोचेपर्यंत विसरायला होतं, आणि तुम्हाला उघड दिसतं की यातलं बरंचसं दुसऱ्या टोलाच्या पंडिताला चीत करण्यापुरतंच आहे. कंटाळा आला तर येऊ द्या. पण वानराचा प्रश्न सोबत ठेवा. ‘महाराष्ट्र पुढारलेलं राज्य आहे.’ फांदीपुरतं की बुंध्यापुरतं? ‘हल्लीची मुलं वाचत नाहीत.’ मुलं म्हणून वाचत नाहीत, की तुमच्या घरची म्हणून? वाचत नाहीत म्हणजे पुस्तक वाचत नाहीत, की छापील पुस्तक? आपली निम्मी भांडणं ही एकानं फांदीकडे बघून आणि दुसऱ्यानं बुंध्याकडे बघून केलेली असतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. यात कोणाचा पक्ष घ्यायचा हे नवद्वीप सांगत नाही. दोघांनाही वाक्य पुरं करायला लावतं.

भूक लागली असेल. चला.

केळीचं पान, ओलसर जमीन, पानावर भाताचा ढीग. डाळ, पालेभाजी, वांगं, आणि हो, मासा. दचकू नका. इथल्या ब्राह्मणाच्या पानात नदीतला मासा असतो आणि त्याची त्याला काहीही दिलगिरी नाही. दक्षिणेतून आलेला एक विद्यार्थी पान दूर ओढून बसला आहे. त्याच्याकडे बघून बाकीचे खुसुखुसु हसतात, तो त्यांच्याकडे बघून नाक मुरडतो, आणि तासाभरानं दोघं शेजारी बसून एकाच पानावर डोकं खुपसतील. तांदूळ कुठून आला? काही पंडितांच्या घरून, काही गावातल्या दुकानदारांनी दिलेला, काही जमीनदारांकडून. मोठे सण आले की हे सगळे चार-आठ दिवस पांगतात आणि दारोदार फिरून वर्षाचं कापड जमवतात.

जेवताना रामनाथ तर्कसिद्धांतांची गोष्ट निघणारच. याच शतकातले, गावाबाहेर रानात टोल चालवणारे, म्हणून लोक त्यांना बुनो म्हणतात, रानातला. राजाश्रय घेतला नाही. घरात भाजी नाही म्हणून बायको अंगणातल्या चिंचेचा पाला शिजवून वाढायची आणि हे तो अमृत म्हणून खायचे. सांगतात की कृष्णनगरचे राजे स्वतः झोपडीत आले आणि विचारलं, काही अडचण आहे का? रामनाथ विचार करून म्हणाले, नाही, चिंतामणीच्या चारही भागांतल्या सगळ्या सुटल्या. राजांनी प्रश्न बदलून घरातल्या अडचणीचा केला, तेव्हा म्हणाले, ते मला नाही माहीत, घरात विचारा.

गोष्ट ऐकून सगळे खूश होतात. तुम्ही मात्र एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघा. तिथे ओल्या लाकडांपुढे बसून फुंकणीनं डोळे लाल करून घेतलेली एक बाई आहे. धूर आणि आग यांचं नातं तिच्याइतकं या घरात कोणाला ठाऊक नाही, आणि पाठाला तिला जागा नाही. नावाड्याला नाही, तपकीर विकणाऱ्याला नाही, छप्पर शाकारणाऱ्याला नाही. बायकांच्या बाबतीत एक अपवाद याच काळात घडतो आहे, पण इथे नव्हे. हटी विद्यालंकार नावाची बंगाली विधवा काशीत जाऊन स्वतःचा टोल काढते, पुरुषांना शिकवते आणि सभांमध्ये वाद करते. इथे तिचं नाव काढून बघा, कशी पळभर शांतता पसरते ते.

भर दुपारी पाठ नाही. झोपा किंवा पोथी उतरवा. तुमच्या हाती बोरू दिला आहे आणि समोर पिवळट कागद. कसर लागू नये म्हणून कागदाला हरताळ चोळलेला आहे. अक्षर चुकलं तर खोडायचं नाही, त्यावर हरताळ फासायचा आणि वाळला की वर पुन्हा लिहायचं. घामाचा थेंब पानावर पडला तर मात्र इलाज नाही. शेजारचा आपली ओळ संपवून मान मोडतो आणि गप्पा सुरू होतात. गप्पा म्हणजे पूर्वजांच्या. मिथिलेचे पंडित म्हणे चिंतामणीची पोथी उतरवून नेऊ देत नसत, म्हणून वासुदेव सार्वभौमांनी ती तिथे बसून पाठ केली आणि डोक्यातून नवद्वीपला आणली. त्यांचेच शिष्य रघुनाथ, एका डोळ्यानं अधू. लहानपणी विस्तव आणायला पाठवलं आणि भांडं द्यायला विसरले, तर पोरानं तळहातावर वाळू पसरली आणि म्हणाला, ठेवा यावर. क-ख शिकवायला बसवलं तर विचारलं, क आधी का? जगदीश तर्कालंकारांकडे तेलाला पैसे नव्हते, ते बांबूची वाळकी पानं जाळून त्या उजेडात वाचायचे. यातलं किती खरं, असं विचारू नका. विचारलंत तर लगेच ‘खरं कशापुरतं?’ असं येईल आणि संध्याकाळ जाईल.

आता तो राग. तुमचं मराठीपण कळल्यावर पांढरी शेंडी हसून म्हणते, ‘अच्छा, म्हणजे तुम्ही भवानंद वाचणारे!’ बाकीचे खिदळतात. भवानंद सिद्धांतवागीश हे इथलेच, नवद्वीपचेच, पण इथे त्यांची टीका मागे पडली. ती उचलून धरली कोणी, तर गोदाकाठच्या पुणतांब्याच्या महादेव पुणतांबेकरांनी. काशीत बसून त्यांनी भवानंदीवर टीका लिहिली, बंगाल्यांनी भवानंदांवर केलेला अन्याय दूर करतो म्हणून, आणि आपल्याकडे मग भवानंदीच चालली. आपल्या घरात टाकून दिलेली गोष्ट बाहेरच्यानं उचलून, पुसून, मखरात बसवावी, याचा राग कोणाला येणार नाही? तुम्ही पुणतांब्याचा अभिमान बाळगा, पण तोंड उघडू नका.

शिवाय पुढचं यांना सांगता येत नाही. तर्कतीर्थ ही इथल्या विद्येची पदवी कलकत्त्याहून 1923 मध्ये वाईचे लक्ष्मणशास्त्री जोशी घेऊन येतील, आणि तीच धारदार विद्या पुढे अस्पृश्यतेच्या समर्थकांविरुद्ध शास्त्रार्थ करायला वापरतील. त्याआधी भीमाचार्य झळकीकर मुंबईत बसून ‘न्यायकोश’ रचतील, आणि त्यात हे सगळे अवच्छेदक आणि उपाधी शब्दवार लावून ठेवलेले सापडतील. डॅनियल इंगॉल्स नावाचे अमेरिकन विद्वान कलकत्त्याच्या कालीपद तर्काचार्यांकडे शिकून 1951 मध्ये या विद्येवर, म्हणजे नव्यन्यायावर, पुस्तक काढतील. त्यांचे विद्यार्थी बिमल कृष्ण मतिलाल, तेही तर्कतीर्थच, ‘घागर जमिनीवर नाही’ या वाक्यावर हार्वर्डला प्रबंध लिहितील आणि ऑक्सफर्डला अध्यापक होतील. हे ऐकून शेजारी म्हणेल, बरं, मग त्यांनी जगदीशी वाचली की गदाधरी?

आभाळ बघा. वायव्येकडून काळं झालं आहे. गवत एकदम निपचित, आणि मग धाडकन वारा. कालबैशाखी! सुटी पानं उडू नयेत म्हणून सगळे पोथ्यांवर पालथे पडतात. कैऱ्या टपाटपा पडतायत, छपराचा एक कोपरा उचकटला आहे, कोणीतरी त्याला लोंबकळलं आहे. तेवढ्यात वीज कडाडते आणि सगळ्या टोलात आनंदाची आरोळी उठते. गडगडाट झाला की अनध्याय. पाठ बंद! तशा अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा, प्रतिपदा या ठरलेल्या सुट्ट्या आहेतच, पण आभाळानं न सांगता दिलेल्या सुट्टीची गोडी वेगळी. देशातले सर्वांत कुशाग्र तार्किक चिखलात कैऱ्या वेचत पळतायत. तुम्हीही पळा.

पाऊस थांबला की गारवा येतो आणि गारव्याबरोबर खोळ-करतालांचा आवाज. खोळ म्हणजे मातीचा मृदंग. चैतन्य महाप्रभू 1486 मध्ये याच गावात जन्मले, आणि दोनशे सत्तर-ऐंशी वर्षांनीही त्यांचं कीर्तन दर संध्याकाळी गल्ल्यांतून वाहतं. घामानं निथळलेली माणसं हात वर करून नाचतायत, त्यांत नावाडी आहे, तपकीरवाला आहे, शाकारणीवाला आहे. टोलातली काही मंडळी खिडकी लावून घेतात. काही, दिव्याची वात कमी करून, हळूच बाहेर सटकतात.

दोन दिवसांनी आमंत्रण येतं. एका जमीनदाराच्या घरी बापाचं श्राद्ध आहे. भट्टाचार्य महाशय सहा शिष्य आणि तुम्हाला घेऊन निघतात. सगळ्या टोलांचं वर्षाचं अंदाजपत्रक अशा श्राद्धांवर चालतं, कारण इथे सभा भरते, वाद होतो आणि बिदागी मिळते. मांडवात आधीच दोनेकशे माणसं आहेत. होमातलं तूप, चंदन, केळीच्या पानांचा हिरवा वास, आणि त्या सगळ्यावर तपकीर. ताडाचे पंखे सरसर हलतायत. बाहेर कुंपणापाशी गाव लोटला आहे. त्यांना एक अक्षर कळत नाही, पण कोण घाबरला ते बरोबर कळतं.

वादाचे नियम अंगात मुरलेले आहेत. आधी समोरच्याचं म्हणणं तुमच्या तोंडानं मांडायचं, त्याला पटेल असं. सभेला समजलेलं, तीनदा सांगितलेलं म्हणणंही तुम्हाला मांडता आलं नाही तर तुम्ही हरलात, खोडून काढण्याचा प्रश्नच नाही. हरण्याच्या अशा 22 जागा न्यायसूत्रांत लावून दिल्या आहेत. मूळ दावा सोडून दुसराच धरलात, हरलात. हेतू मध्येच बदललात, हरलात. विषय सोडून भलतंच बोललात, तेच पुन्हा बोललात, सभेला न कळेलसं बोललात, तरी हरलात. आणि समोरचा हरला असताना ते दाखवून द्यायचं राहून गेलं, तरीही हरलात.

मध्यस्थ तुमच्याकडे बघतात. पाहुणे आहात, एखादी प्रतिज्ञा मांडा.

तुमची जीभ टाळूला चिकटली आहे. मनात आहे ते बोलून टाकता. ‘आमच्याकडे माणसं आता वाद करत नाहीत, नुसती भांडतात.’

‘हेतू?’

‘एकमेकांचं ऐकून घेत नाहीत.’

समोर बसलेले पंडित तरुण आहेत, आवाज मऊ आहे. ते तुमचं म्हणणं तुमच्यापेक्षा नीट मांडून दाखवतात. इतकं नीट, की तुम्हाला मान डोलवावीशी वाटते. मग विचारतात, माणसं म्हणजे सगळी की काही? वाद हरल्यावर घरी जाऊन मत बदलणारा तुम्ही कुठे मोजलात, तो तर तुम्हाला दिसलाच नसेल. आणि ऐकून न घेणं हे भांडणाचं कारण, की फक्त शेकडो लोक बघत असताना ऐकून न घेणं? तुमचं ओलं लाकूड माणसाच्या स्वभावात आहे, की प्रेक्षकांत?

कुंपणापाशी कोणीतरी हसतं. तुमच्या कानशिलावरून घाम ओघळतो. आणि तुम्ही तेच करता जे रात्री नऊच्या टीव्ही-चर्चेत रोज होतं. ‘तुमच्याकडेही काही वेगळं नाही. तुम्हीही भवानंदांचं कुठे ऐकून घेतलंत?’

मांडवभर ‘अहाहा’ उठतं. मध्यस्थ पंखा खाली ठेवतात. मतानुज्ञा. आपल्यावरचा दोष न झटकता तोच दुसऱ्यावर उलटवणं म्हणजे आपल्यावरचा दोष कबूल करणं. बावीसांतली एक जागा. तुम्ही घाईनं म्हणता, नावेची वेळ झाली, मला निघायला हवं. आता तर पोरंही टाळ्या पिटतात, कारण काम निघाल्याचं सांगून वादातून काढता पाय घेणं, विक्षेप, हीसुद्धा एक जागाच आहे. एका दमात दोनदा हरलेला पाहुणा त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलेला नाही.

कोणी खवळत नाही, कोणी पाणउतारा करत नाही. तरुण पंडित तुमच्याकडे आपला शंख सरकवतात, घ्या, चिमूटभर. ‘तुमचा प्रेक्षकांचा मुद्दा चांगला आहे,’ तुम्ही म्हणता. ‘तो माझा नाही,’ ते म्हणतात, ‘मी फक्त विचारलं. सिद्ध तुम्हाला करायचाय.’

बिदागी सुरू होते. न्यायाचे पंडित सर्वांत वर, त्यांच्या वाट्याला रुपये आणि वस्त्रं. मग बाकी शास्त्रांचे. हरलेल्यालाही पितळेची घागर मिळते, तुम्हालाही मिळाली. आता फक्त हार आणि चंदन राहिलं, ते आधी कोणाला लावायचं एवढंच ठरायचं आहे. यजमान थाळी घेऊन एक पाऊल पुढे टाकतो आणि मांडवाच्या दोन टोकांकडून दोन भट्टाचार्य एकदम उभे राहतात. कोणाच्या आजोबांनी कोणाच्या आजोबांना कुठल्या सभेत हरवलं इथपासून सुरुवात होते. शिष्य आपापल्या गुरूंच्या मागे उभे राहतात. कोणाची तरी शेंडी कोणाच्या तरी हातात येते. हेतू नाही, दृष्टांत नाही, समोरच्याचं म्हणणं कोणी मांडून दाखवत नाही, आणि मध्यस्थ, ते तर स्वतःच त्यांतल्या एका टोलाचे आहेत. थाळी हातात धरून यजमान मध्ये उभा आहे आणि चंदन वाळत चाललं आहे. टोलातला तो मिसरूड न फुटलेला पोरगा तुमच्या कोपराला हळूच ढोसतो आणि कानाशी म्हणतो, ‘हे नैयायिक म्हणून भांडतायत, की नुसते बामण म्हणून? बोला, नाव सुटायला अजून वेळ आहे.’